जहाज सुटण्यापूर्वी

मुलांनो, समजा तुम्ही अम्मी-अब्बांबरोबर जहाजाने गोव्याला निघाला आहात. जहाज मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून सायंकाळी सुटणार आहे. तुमची गाडी मात्र सकाळीच छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचली. आता दिवसभराचा वेळ हाती आहे. काय कराल?

आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. जहाज कोणासाठी थांबत नाही. सामान व ओळखपत्रे तपासण्याचे काम काही तास आधीच सुरू होते. म्हणून सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवा. थोडेच पाहा, पण नीट पाहा.

पहिले ठिकाण शोधायला नको. तुम्ही त्यातच उभे आहात! या स्थानकाचे बांधकाम १८७८ साली सुरू झाले आणि पुरी दहा वर्षे चालले. रस्ता ओलांडून समोर उभे राहा व वर पाहा. दगडात कोरलेली पाने, फुले, पक्षी आणि प्राणी दिसतील. २००४ साली ही इमारत जागतिक वारसा ठरली.

तेथून जवळच महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. तिचे जुने नाव क्रॉफर्ड मार्केट. ही मंडई १८६९ सालची. याच भागात साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. पूर्वी हजयात्रेकरू मुंबईहून जहाजानेच जेद्दाहला जात. त्यांना निरोप द्यायला कितीतरी नातेवाईक मुंबईला येत. ही जहाजे १९९५ साली बंद झाली. तुमच्या दादी-नानींना विचारा. कदाचित त्यांना तो निरोप आठवत असेल.

दुपारी बसने गेट वे ऑफ इंडियाला जा. पंचम जॉर्ज बादशहा १९११ साली येथे उतरला. त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ साली पूर्ण झाली. पण गंमत पाहा! इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून परत गेली. स्वागताचे दार निरोपाचे दार झाले.

आता धक्क्याकडे चला. येथे एक गोष्ट ऐकून घ्या. बॅलार्ड पिअरच्या उत्तरेला व्हिक्टोरिया गोदी होती. १४ एप्रिल १९४४ रोजी तेथे ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. महायुद्ध चालू होते. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि कापसाचे गठ्ठेही होते. दुपारी आग लागली. अग्निशमन दलाचे जवान धावून आले. जहाजात स्फोटके आहेत, हे कळल्यावरही त्यांनी पाण्याचे नळ सोडले नाहीत. चारच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. थोड्याच वेळात दुसरा झाला. शेकडो माणसे दगावली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

जहाजाचा भोंगा वाजला की डेकवर या. लहान टग बोटी मोठ्या जहाजाला वळायला मदत करतात. बंदराची वाट जाणणारा पायलट कप्तानाला मार्ग दाखवतो. जहाज दक्षिणेकडे निघाले की उजव्या हाताला गेट वे दिसेल. पुढे कुलाब्याच्या टोकाशी १८७५ सालचे प्राँग्ज दीपगृह दिसेल. सर्वजण पुढे पाहत असतील. तुम्ही मात्र एकदा मागे, गोदीच्या दिशेला पाहा. आपण निर्धास्त प्रवास करतो, तो कोणाच्या तरी जागरूकतेवर. हे त्या ६६ जणांनी आपल्याला शिकवले आहे.

स्वाध्याय
१. ‘स्वागताचे दार निरोपाचे दार झाले’ असे का म्हटले आहे?
२. १४ एप्रिलला कोणता दिवस पाळतात? का?
३. तुमच्या गावी पाहुणे फक्त एका दिवसासाठी आले, तर त्यांना कोणती तीन ठिकाणे दाखवाल? पाच वाक्ये लिहा.