घरात कुणी बहिरे नाही, मग बाळ बहिरे कसे?

प्रश्न : माझ्या पुतणीला जन्मापासून ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणतात, दोष आनुवंशिक आहे. पण दोन्हीकडच्या घरांत कुणीच बहिरे नाही. मग हे आले कुठून? चीनमध्ये इंजेक्शनने अशी मुले ऐकू लागली, हे खरे का?
— एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)

उत्तर : बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही. बाळाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या, की ते बहिरे जन्मते. आई-वडील दोघांकडेही अशी एकेक बिघडलेली प्रत असेल, तर त्यांच्या दर अपत्याला हा धोका चारात एक असतो. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर असे घडण्याची शक्यता वाढते, कारण एकाच आजी-आजोबांची सदोष प्रत दोघांकडे आलेली असू शकते. यात एकट्या सुनेला बोल लावणे अन्यायाचे आहे.

बहिरेपणाशी जोडलेली जनुके शंभराहून अधिक आहेत. सर्वांत परिचित जीजेबी2. त्याचा बहिरेपणाशी संबंध 1997 मध्ये उघड झाला.

चीनची बातमी खरी आहे, पण ती ओटीओएफ या वेगळ्या जनुकाची. शांघायच्या डॉक्टरांनी निरुपद्रवी विषाणूमार्फत चांगले जनुक कानाच्या आतल्या भागात सोडले. जानेवारी 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या अहवालानुसार सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. हा दोष मात्र थोड्याच मुलांत असतो. जीजेबी2 वरचा असा उपचार अजून संशोधनातच आहे.

त्याची वाट पाहत बसू नका. जीजेबी2च्या दोषात श्रवणाची नस सहसा शाबूत असते, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्राचा, चांगला उपयोग होतो. पण ते लवकर बसवायला हवे आणि पुढे वाचा-उपचार नेटाने चालवावे लागतात.

आपल्याकडे बाळाला ऐकू येते का, हे थाळी वाजवून पाहतात. बाळ हादऱ्यानेही वळते, आणि मग ‘बापही उशिरा बोलला होता’ म्हणत वर्ष जाते. त्यापेक्षा ‘बेरा’ ही श्रवण-चाचणी करा. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर नि कानामागे तारा चिकटवून कानात टिकटिक सोडतात आणि मेंदूपर्यंत पोचलेल्या लहरी पडद्यावर पाहतात. दुखत काहीच नाही.

वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. शस्त्रक्रियेला सरकारी मदत मिळू शकते. आणि भावाला सांगा, पुढच्या अपत्याचा विचार करण्याआधी जनुकीय सल्ला घ्या, आणि त्या बाळाचे कान पहिल्याच महिन्यात तपासून घ्या.