पाच हजार किलोमीटर की तीस रविवार?

प्रश्न : मी रोज सकाळी पंधरा किलोमीटर सायकल चालवतो. नव्या वर्षात पाच हजार किलोमीटर पुरे करायचे असं मनात आहे. हे ध्येय झेपेल का? की दुसरं काही ठरवावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : झेपेल. ५००० ला ३६५ ने भागलं तर दिवसाला चौदासुद्धा होत नाहीत, आणि तुम्ही पंधरा चालवताच. माझी हरकत नेमकी इथेच आहे. आज करता तेच वर्षभर करत राहिलात की आकडा गाठला जाईल, पण एकही नवा रस्ता पायाखालून जाणार नाही. त्यात साताऱ्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर बुडाले तर उरलेल्या आठ महिन्यांत रोजचे वीस पडतात. ऑक्टोबरात ही थकबाकी दिसली की भल्याभल्यांचा धीर सुटतो.

त्यापेक्षा एडिंग्टन अंक धरा. आर्थर एडिंग्टन हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ. १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो हे मोजून आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताला पुरावा देणाऱ्यांत ते होते. सायकलचा नाद त्यांना जन्मभर होता, आणि आपली मजल मोजायला त्यांनी स्वतःची रीत काढली होती. किमान तीस किलोमीटरच्या किमान तीस फेऱ्या झाल्या असतील, तर तुमचा अंक तीस. एकतीस व्हायला एकतीस फेऱ्या हव्यात, आणि त्यातली प्रत्येक एकतीस किंवा जास्त किलोमीटरची.

वहीत फेऱ्या मोठीपासून छोटीपर्यंत लिहा : ४२, ३५, २०, १८, १२, ८, ७, ५. सातवी फेरी सातची आहे, आठवी मात्र आठाला पुरत नाही. म्हणून अंक सात. बेचाळीसची दमछाक इथे एकच फेरी ठरते. आणि तुमचे रोजचे पंधरा? १५ जानेवारीला अंक पंधरा होईल, ३१ डिसेंबरलाही पंधराच राहील. पुढे सरकायचं तर लांब जावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. मला ही रीत आवडते ती यासाठी. शिवाय अंक वाढतो किंवा थांबतो, घटत कधीच नाही. पावसाळ्यात सायकल घरात राहिली तरी डोक्यावर काही चढत नाही.

तुमच्यासाठी वर्षाचा अंक तीस ठरवावा. वर्षाला ५२ रविवार, पावसाळ्यातले सतरा वजा केले की पस्तीस. लग्नकार्य, ताप, पाहुणे यांत पाच जातील असं धरून चाला. चाळीसचा मोह पहिल्या वर्षी नको, कारण चाळीसच्या चाळीस फेऱ्या नुसत्या रविवारांत बसतच नाहीत. उरले बरोबर तीस, म्हणून जानेवारीतले सुरुवातीचे रविवारही तीसला कमी पडू देऊ नका, सवड यात नाही. रोजचे पंधरा सोडू नका. अंकात त्यांची भर पडणार नाही, पण रविवारी पाय साथ देतील ते त्यांच्याच जोरावर.

कोरेगावच्या रस्त्याला पंधरा किलोमीटरवर वळू नका, सतरावर वळा. घराच्या फाटकाशी २९.८ वाचायला लागलं तर ती फेरी तिसाच्या हिशेबात बसत नाही. खुद्द एडिंग्टननी खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना पत्रातून हीच हळहळ कळवली होती : अंक ७५ असताना ईस्टरच्या सुट्टीत पाऊणशेला पाव मैल कमी अशा दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यांची मोजणी मैलांत होती. १९४४ मध्ये ते वारले तेव्हा अंक ८४ होता, म्हणजे प्रत्येकी १३५ किलोमीटरहून मोठ्या चौऱ्याऐंशी फेऱ्या.

एक उणीव सांगायलाच हवी. हा अंक चढ ओळखत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन येणं साधारण पन्नास किलोमीटरचं, पण सपाटीवरचे पन्नास त्याच्यापुढे काहीच नाहीत. म्हणून घाटाच्या फेऱ्यांसाठी वहीचं वेगळं पान ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत, तीसचा अंक गाठत आला की, एखादा रविवार त्या पानासाठी द्या. उतरताना ब्रेक मात्र आदल्या दिवशी तपासलेले असू द्या.