चाकांवरचे घर आणि घाटाखालची गावे

सुट्टीच्या दिवसांत रायगडाच्या पायथ्याशी, पाचाड येथे उभ्या राहणाऱ्या वाहनांकडे थोडे निरखून पाहिले, तर त्यांत एक नवा प्रकार अधूनमधून दृष्टीस पडतो. बाहेरून ती सात-आठ आसनांची साधी प्रवासी मोटार दिसते. मागचे दार उघडले की आत आसनांऐवजी घडीचा पलंग, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि कपड्यांचे कप्पे असतात. रात्री मालक त्याच गाडीत झोपतो आणि सकाळी तेथेच चहा करून गडाकडे निघतो. अशा वाहनास शासकीय परिभाषेत ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. पोलादपूर तालुक्यातील एका ग्रामसभेत मध्यंतरी एका तरुणाने विचारले, “माझी गाडी अशी करून घेतली आणि गावात चार गाड्यांची जागा केली, तर चालेल का?” सभेत कोणालाच समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेखकही तेथे निरुत्तर झाला होता. त्यानंतर जी माहिती जमविली, ती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी येथे मांडली आहे.

वाहनाचे घर करण्याची कल्पना मूळची आपल्याकडची नाही. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीची डब्याच्या आकाराची गाडी १९५० मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यात बसविता-काढता येईल असा संसाराचा संच तयार केला. ब्रिटनमध्ये जपानहून आलेल्या वापरलेल्या प्रवासी मोटारी या कामासाठी विशेष लोकप्रिय आहेत. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे सुकाणू उजवीकडेच असते. टोयोटाची अल्फर्ड किंवा माझ्दाची बोंगो अशी गाडी तेथे आणतात, मागची आसने काढतात आणि छत उचलते करून आत उभे राहण्याइतकी जागा मिळवितात.

आपल्या देशात हा मार्ग सामान्य माणसाला जवळजवळ बंद आहे. वापरलेली मोटार आयात करावयाची तर ती तीन वर्षांहून जुनी असता कामा नये आणि सुकाणू उजवीकडेच हवे. शिवाय सीमाशुल्क भरल्यानंतर तिची किंमत अशी होते की तिच्यात करवत चालविण्यास कोणाचेही मन धजणार नाही. मात्र परदेशी घराण्यातील एक गाडी फार पूर्वीच आपल्या राज्यात येऊन येथलीच झाली आहे. पुण्याजवळच्या आकुर्डी येथील बजाज टेम्पो कंपनीने जर्मन रचनेवरून मॅटाडोर बनविली आणि १९८० च्या दशकात मर्सिडीज कंपनीच्या मालवाहू व्हॅनवरून ‘ट्रॅव्हलर’ तयार केली. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. त्याच मर्सिडीज व्हॅनवर युरोपात फिरती घरे बांधली जात असत, आणि आज भारतातील कॅराव्हॅन बहुधा ट्रॅव्हलरवरच उभारतात. ग्रामसभेतील तरुणाने परदेशी मोटारीच्या मागे न लागता आकुर्डीकडे पाहावे, हे बरे.

आता कायद्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने दिलेले मूळ वर्णन यांत तफावत पडेल असा फेरफार मालकास करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच तत्त्व स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. गावच्या गॅरेजवाल्याने हौसेने छत कापले आणि पलंग ठोकला, तर ती गाडी कायद्याच्या दृष्टीने अडचणीत येते. अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळेल की नाही, हा प्रश्न त्याहून कठीण होतो. तात्पुरती गादी टाकणे आणि कायमचा बदल करणे यांत फरक आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आसने मूळच्या जागी राहून त्यांवर घडीची फळी अंथरली, तर ते सामान ठरते. आसने उखडून लोखंडी सांगाडा वेल्ड केला, तर तो फेरफार होतो.

कायमचा बदल करावयाचाच असेल, तर कॅराव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे. बसण्याची आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय या चार गोष्टी ज्या वाहनाच्या निवासी भागात पक्क्या बसविलेल्या आहेत, ते वाहन कॅराव्हॅन समजले जाते. टेबल तेवढे काढता येण्याजोगे असले तरी चालते. मान्यताप्राप्त बांधणीकाराने चाचणी संस्थेकडून नमुना मंजूर करून घेतलेला असावा आणि नोंदणी पुस्तकात वाहनाचा प्रकार त्याप्रमाणे लिहिला जावा, हा सरळ मार्ग होय. महाड-पोलादपूरकरांनी गाडी कापण्यापूर्वी पेणच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी. उलट क्रमाने गेल्यास पैसा आणि गाडी दोन्ही अडकून पडतात.

कागद झाले, आता वजनाचा हिशेब. माध्यमिक शाळेतील शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. आठ आसनांची मोटार आठ माणसे वाहून नेते. माणशी ६५ किलो धरल्यास ५२० किलो झाले. मागची चार आसने काढली की साधारण ८० किलो वाचतात, म्हणजे हाताशी ६०० किलो आले. आता भरती पाहू. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, शिशाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी ३० किलो, प्लायवुडचे कपाट-पलंग १३० किलो, लहान गॅस सिलिंडर १२ किलो, छोटा फ्रीज १८ किलो, चार माणसे २६० किलो आणि त्यांचे सामान ६० किलो. बेरीज ५९० होते. उरले दहा किलो. इतक्यात कोणी छतावर सायकल चढविली की मर्यादा ओलांडली. शिवाय छतावरील दहा किलो आणि जमिनीलगतचे दहा किलो यांचा परिणाम सारखा नसतो. गुरुत्वमध्य जितका वर, तितकी गाडी वळणावर बाहेरच्या बाजूस कलंडू पाहते. म्हणून पाणी आणि बॅटरी तळाशी, दोन्ही चाकांच्या जोड्यांच्या मधोमध ठेवावीत. टाकीत आडव्या पट्ट्या असाव्यात. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका अंगास धावते आणि नेमक्या नको त्या क्षणी गाडीस धक्का देते.

हा हिशेब सपाट मुलखात कदाचित सौम्य वाटेल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणारा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांत जवळजवळ तेराशे मीटर चढतो. वरंध घाटाने भोरकडे जाणारा रस्ताही तसाच वळणावळणाचा असून पावसाळ्यात तो वरचेवर बंद ठेवावा लागतो. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जण मृत्युमुखी पडले. त्या अपघाताचा कॅराव्हॅनशी संबंध नाही. परंतु घाट चुकीला किती जागा देतो, हे या परिसरास कोणी नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. जड केलेली गाडी उतरविताना खालच्या गिअरमध्येच ठेवावी. केवळ ब्रेकवर उतरविल्यास ब्रेक तापून निकामी होण्याची भीती असते. चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपू नये. पट्टा असलेल्या आसनांइतकीच माणसे घ्यावीत.

विजेच्या बाबतीत बहुतेकांची निराशा होते, कारण अपेक्षा घरातल्या असतात आणि साठा गाडीचा असतो. वर सांगितलेल्या बॅटरीत बारा व्होल्टप्रमाणे १२०० वॅट-तास असतात, पण शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरविली की लवकर मरते. म्हणजे उपयोगाचे ६०० धरावेत. पाच वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १०० लागतात, वीस वॅटचे दोन पंखे रात्रभर, म्हणजे दहा तास चालविले तर ४००. फ्रीज दिवसाला पाचशेच्या आसपास मागतो, तेव्हा तो या हिशेबात बसत नाही. सौर पट्टी हा उपाय खरा, पण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात आषाढ-श्रावणात तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. निवासाची बॅटरी इंजिनाच्या बॅटरीहून वेगळी ठेवावी. नाहीतर रात्रीचा पंखा सकाळी गाडी चालू होऊ देत नाही. प्रत्येक तारेवर बॅटरीलगत फ्यूज हवा.

गॅसविषयी मात्र हलगर्जीपणा अजिबात खपत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो गळला तर तळाशी साचतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने बंद असावा आणि त्याच्या तळास बाहेर उघडणारे भोक असावे. शेगडी पेटवताना खिडकी उघडी ठेवावी. उबेसाठी ती रात्री पेटती ठेवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणे होय, आणि त्या वायूला वास नसतो. कोकणातील दमट हवेमुळे साधे प्लायवुड दोन पावसाळ्यांत फुगते व पत्रा आतून गंजतो. म्हणून पाण्यास टिकणारे प्लायवुड वापरावे आणि छताला पाडलेल्या प्रत्येक भोकाकडे दर वैशाखात पाहावे.

आता गावाचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. पर्यटनस्थळांजवळ अशा वाहनांसाठी पाणी, वीज व स्वच्छतागृहे असलेली तळे उभी राहावीत, त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी व्हावी, असे त्यात योजिले आहे. रायगड, पाचाड, चवदार तळे, गांधारपाले येथील लेणी, सवचे उन्हाळे, शिवथरघळ, उमरठ ही सर्व ठिकाणे या दोन तालुक्यांत आहेत. जुलै २०२५ मध्ये रायगडासह बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाल्याने पाहुणे वाढतील, ही अपेक्षा रास्त आहे. चार गाड्यांना रात्रीपुरती जागा, विहिरीचे पाणी आणि भाकरी-पिठले देणाऱ्या गावात पैसा येईल. त्यासाठी कोणास हॉटेल बांधावे लागणार नाही.

परंतु जागा कोणती? महाड-पोलादपुरात सपाट जमीन दोनच ठिकाणी सहज मिळते, नदीकाठी अथवा डोंगराच्या पायथ्याशी. दोन्हींचा इतिहास ताजा आहे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन बसगाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड आली व ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही माणसे दगावली आणि महाड शहरात घरांचे तळमजले बुडाले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी पुराला मागे रेटते, ही गोष्ट महाडकर जाणतात. बाहेरून आलेला पाहुणा जाणत नाही. त्याला सावित्रीकाठची हिरवळ रम्य वाटते आणि तो तेथेच हँडब्रेक ओढतो. वाहत्या पाण्याची उंची साठ सेंटिमीटरांच्या आसपास गेली की बहुतेक मोटारी तरंगू लागतात. आत दार लावून झोपलेल्यास ते कळण्यास उशीर होतो.

म्हणून तळाची जागा ठरविताना गावातील वृद्धांना बरोबर घेऊन २००५ आणि २०२१ चे पाणी कोठवर आले होते, त्या खुणा पाहाव्यात. डोंगरउतारावर नव्या भेगा, वाकलेली झाडे किंवा एकाएकी गढूळ झालेला झरा दिसल्यास ती जागा सोडावी व तहसील कार्यालयास कळवावे. तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात दरडप्रवण गावांची नोंद असते, ती पाहिल्याशिवाय ठराव करू नये. जून ते सप्टेंबर तळ बंद ठेवण्याचा नियम केला तर उत्पन्न थोडे बुडेल. रायगडावरचे राज्याभिषेकाचे दिवसही त्यातच येतात, तेव्हा आग्रह होईल. लेखकाच्या मते तरीही नियम ठेवावा.

सांडपाण्याची व्यवस्था त्याच ठरावात यावी. भांडी धुतलेले पाणी शोषखड्ड्यात जाईल, शौचालयाची पेटी सेप्टिक टाकीत रिकामी होईल आणि हे दोन्ही विहिरीच्या वरच्या अंगास नसेल, एवढे पंचायतीने स्वतः उभे राहून पाहावे. पाहुण्याची गाडी सकाळी निघून जाते. तिने ओढ्यात सोडलेले पाणी खालच्या वाडीच्या हंड्यात येते. वाहन क्रमांक, माणसांची संख्या आणि एक संपर्क क्रमांक लिहिण्याची वही तळावर ठेवावी. अवेळी पाऊस आला तर रात्री दोन वाजता कोणत्या गाडीचे दार ठोठवायचे, हे पोलीस पाटलास त्या वहीवरूनच कळेल.