लेखणी यंत्राची, उत्तरदायित्व वैद्याचे

आयुर्वेदाने प्रमाणांमध्ये आप्तोपदेशाला मानाचे स्थान दिले आहे. ज्याचे ज्ञान संशयरहित आहे आणि ज्याला असत्य बोलण्याचे कारण नाही, तो आप्त. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि अशी लेखनसाधने चिकित्सालयांत व औषधालयांतही पोहोचली. पथ्यपत्रक, औषधाचे माहितीपत्रक, व्याख्यानाची टिपणे ती क्षणार्धात सिद्ध करतात. त्यांचा उपयोग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत पाठात करू.

प्रथम या साधनाचे स्वरूप जाणून घ्यावे. अफाट लेखनसंग्रहावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते. त्यामुळे सत्य व असत्य दोन्ही ते सारख्याच आत्मविश्वासाने लिहिते. २०२३ साली न्यूयॉर्क येथे काही वकिलांनी या साधनाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना दंड झाला. आपल्या क्षेत्रात कल्पित श्लोक किंवा चुकीचा अध्याय-क्रमांक हा याच जातीचा दोष होय. म्हणून ते आप्त नव्हे, केवळ लेखनिक आहे.

आपल्या लेखनात विशेषतः पुढील चार स्थानी सावध राहावे.

१. द्रव्यनाम : महाराष्ट्रात अनेकदा मंडूकपर्णीलाच ब्राह्मी म्हणतात. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी व मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. तसेच ‘अमृता’ हे नाव गुडूचीचे आहे, हरीतकीचेही आहे. संदर्भ पाहून अर्थ ठरविणे हे वैद्याचेच काम.

२. मान : एक प्रस्थ म्हणजे ७६८ ग्रॅम. परंतु कुडवापासून पुढील मानांत द्रवद्रव्ये द्विगुण घेण्याची परिभाषा आहे. तिच्यानुसार एक प्रस्थ जल १५३६ मिलिलिटर होते. ही परिभाषा सुटली तर क्वाथाचे प्रमाणच बिघडते.

३. सुरक्षितता : त्रिभुवनकीर्तीचे माहितीपत्रक मागितले असता ‘पूर्णतः नैसर्गिक, दुष्परिणामरहित’ असे गोड वाक्य सहज येऊ शकते. या कल्पात वत्सनाभ व हिंगूळ आहेत. ही दोन्ही द्रव्ये अनुसूची ई-१ मध्ये येत असल्याने वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर आवश्यक ठरते.

४. दावा : मधुमेह, कर्करोग इत्यादी अनुसूचित व्याधी बरे करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार अधिनियमाने निषिद्ध आहे. जाहिरातीचा मजकूर यंत्राने लिहिला, ही सबब त्यापुढे टिकणारी नाही.

मग उपयोग कोठे करावा? आपण स्वतः लिहिलेल्या सूचना सोप्या मराठीत मांडणे, दीर्घ टिपणांचा क्रम लावणे, पत्रव्यवहार नीटनेटका करणे, यांसाठी ते उत्तम साहाय्यक आहे. मात्र मात्रा, अनुपान, द्रव्यनाम व वचन ही मूळ ग्रंथावरून आपणच पडताळावीत. रुग्णाचे नाव, पत्ता अथवा ओळख पटेल असा तपशील त्यात कदापि घालू नये.

अभ्यास : नित्य वापरातील एका कल्पाचे माहितीपत्रक या साधनाकडून लिहून घ्यावे व मूळ ग्रंथ समोर ठेवून प्रत्येक विधानापुढे ‘पडताळले’ अशी खूण करावी. ज्या विधानापुढे खूण करता येणार नाही, ते वगळावे. उरेल त्याखालीच स्वाक्षरी करावी. कारण रुग्ण विश्वास ठेवतो तो त्या स्वाक्षरीवर.