उसाचा डोळा : बेण्यापुरते जीवशास्त्र



लागणीचे दिवस आले की शेतकी खात्यातल्या माणसाला एक प्रश्न हटकून विचारला जातो. "साहेब, ही जात आता म्हातारी झाली. पहिल्यासारखं वजन पडत न्हाई. नवी कुठली आली का?" जात खरोखर म्हातारी होते काय, हे पाहायचे तर थोडे जीवशास्त्र समजून घ्यावे लागते. नाव ऐकून बिचकण्याचे कारण नाही. आपल्या कामापुरते सगळे जीवशास्त्र उसाच्या एका डोळ्यात सापडते.

प्रथम पेशी. भिंत जशी विटांची, तसे पान, मूळ, कांडे, सगळे पेशींचे बनलेले असते. फरक एवढाच की वीट निर्जीव, आणि पेशी खाते, श्वास घेते व एकीच्या दोन होते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. जवळजवळ प्रत्येक जिवंत पेशीच्या पोटात केंद्रक असते आणि त्यात त्या जातीची सर्व नोंद असते : कांड्याचा रंग कोणता, पाचट सहज सुटते की नाही, साखर किती. या नोंदीला जनुके म्हणतात. पेशी दुभंगण्यापूर्वी या नोंदीची नक्कल करते आणि दोन्ही पेशींना एकेक देते.

आता डोळा घ्या. डोळा म्हणजे झोपलेला कोंब. त्यातल्या पेशी दुभंगायला तयार असतात, पण उभ्या उसात त्यांना मोकळीक नसते. शेंड्यात एक संप्रेरक तयार होऊन खाली उतरते आणि डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा तुटला किंवा उसाला तुरा आला की हा दाब जातो व पांगशा फुटतात, हे आपण पाहतोच. टिपरी तोडतो तेव्हा आपण हेच करतो. डोळा जागा होतो, कांड्यात साठलेल्या साखरेवर पहिले काही दिवस काढतो. मग पाने हिरवी होऊन ऊन, पाणी आणि हवेतला कर्बवायू यांपासून स्वतःची साखर करू लागतात. ही जुनी शिदोरी वापरायला श्वास लागतो. म्हणून सरीत पाणी तुंबले की डोळा कुजतो. तो पाण्याने मरत नाही, हवेवाचून मरतो.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपण लावतो ते बी नव्हे. उसाचे खरे बी तुऱ्यात असते, अगदी बारीक, कापसासारख्या तंतूंत अडकलेले. त्यात आईबापांच्या नोंदी मिसळतात, म्हणून एकाच तुऱ्यातली रोपे एकमेकांसारखी निघत नाहीत. नवी जात शोधणाऱ्याला हेच हवे असते. कोइमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ साली निघाले ते याच कामासाठी. तिथे लागवडीच्या उसाचा रानटी उसाशी संकर करून को २०५ ही जात १९१८ मध्ये बाहेर पडली. आपल्याकडे पाडेगावच्या संशोधन केंद्राचे कामही याच वाटेने चालते. हजारो रोपांतून एक निवडायचे, आणि पुढे मात्र टिपरीनेच वाढवायचे. म्हणजे आज ज्यांच्या रानात को ८६०३२ उभा आहे, तो सगळा एकाच मूळ रोपाच्या नकला आहेत. कितीही पिढ्या गेल्या तरी नोंद जवळजवळ तीच राहते. नक्कल करताना क्वचित चूक होते, पण तिच्यामुळे सबंध शिवाराचा उतारा घसरत नाही.

मग वजन घटते कशाने? नकलेबरोबर रोगाचीही पिढी पुढे जाते, त्याने. बियातून सहसा न उतरणारे पुष्कळ रोग टिपरीतून सरळ उतरतात, कारण टिपरी हा आजारी झाडाचाच तुकडा असतो. गवताळ वाढीचा रोगजंतू उसाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. बाहेरून कांडे धडधाकट दिसते. लागणीत एखादे बेट पांढुरके, गवतासारखे होते, खोडव्यात तशी बेटे वाढतात, आणि त्याच खोडव्याचे बेणे शेजाऱ्याने नेले की रोग त्याच्या रानात. तुडतुडे त्यात आणखी भर घालतात. काणीचेही तसेच. एकरी १० हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या धरल्या, तर शंभरात एक रोगट डोळा म्हणजे एकरात २०० रोगट डोळे. दुसऱ्या वर्षी त्यातूनच बेणे घेतले तर हिशेब कुठे जाईल, तो ज्याचा त्याने करावा. दोष जातीच्या माथी मारून नवी जात आणायची आणि तिचेही बेणे असेच फिरवायचे, हे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

उपायही जीवशास्त्राचाच आहे. मूलभूत बेण्याला ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त हवेत अडीच तास ठेवतात. एवढ्या उष्णतेत रोगजंतू टिकत नाही आणि डोळा बहुधा टिकतो. दोन्हींतले अंतर फार थोडे आहे, म्हणून हे काम घरच्या काहिलीत करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. ऊतिसंवर्धनाची रोपे उसाच्या शेंड्याच्या टोकापासून करतात. तिथे अन्नवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, त्यामुळे रोगजंतू सहसा पोचलेला नसतो. अशा बेण्यापासून पायाभूत आणि त्यापासून प्रमाणित बेणे तयार होते, ते आपण लावायचे.

सगळ्या रानाला विकतचे बेणे परवडत नाही, हे मान्य. त्याची गरजही नाही. एक गुंठा बेणे मळा साधारण दहा गुंठ्यांच्या लागणीला पुरतो. तेव्हा पाण्याजवळच्या चांगल्या तुकड्यात थोडा मळा करावा आणि तीन-चार वर्षांनी त्याचे मूळ बेणे बदलावे. मळ्यात दर महिन्याला स्वतः फिरावे. गवताळ बेट दिसले तर ते मुळासकट काढावे. काणीचा काळा चाबूक दिसला तर आधी त्यावर पिशवी बांधावी आणि मग बेट उपटून जाळावे, नाहीतर ती काळी भुकटी आपल्याच हाताने रानभर पेरली जाते. बेणे दहा-अकरा महिन्यांचे असावे. जून उसाचे डोळे कडक होतात व उशिरा उगवतात. वाहतूक पाचटासकट करावी, पाचट डोळ्याला सांभाळते. खोडव्याचे बेणे फुकट मिळाले तरी घेऊ नये.

मळ्यातले बेणे तोडण्यापूर्वी आठ दिवस आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला कळवावे, म्हणजे तो येऊन मळा पाहून जाईल.

— ऊस विकास अधिकारी