‘जरा वरून शूटिंग करून दे’

ड्रोन तोच, उडवणारा तोच, रानही तेच. तरी शनिवारी जे उडवणं नियमात बसत होतं ते रविवारी बसत नाही, असं होऊ शकतं. मधल्या वेळात त्या शूटिंगचे कुणीतरी पैसे दिलेले असतात. माझ्या भाच्यावर ही वेळ आली. मी स्वतः स्टुडिओ चालवतो, रिमोट पायलट सर्टिफिकेट घेऊन ड्रोनची कामं करतो. तरुण पोरांनी आणि माझ्या व्यवसायबंधूंनी हे वेळीच समजून घ्यावं असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितो आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. नऊशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा एक सेकंडहँड ड्रोन त्याने घेतला होता. नदीकाठी, आमच्या शेतावर तो उडवायचा, आणि हात चांगला बसला होता. ओळखीतल्या एका प्लॉटवाल्याने गळ घातली, ‘जरा वरून शूटिंग करून दे, जाहिरातीला लागतंय.’ शूटिंग चालू असताना ड्रोन विजेच्या तारेला घासला आणि शेजारच्या बांधावरून चाललेल्या एका बाईंच्या खांद्यावर पडला. टाके घालावे लागले. थोडक्यात निभावलं.

पोलीस ठाण्यात मी त्याच्याबरोबर होतो. ‘साहेब, हौस म्हणून उडवतो,’ असं तो सांगत होता आणि त्याला ते खरंच वाटत होतं. साहेबांनी पैशांबद्दल विचारलं, मोबाइल बघितला. प्लॉटवाल्याने यूपीआयने तीन हजार पाठवले होते आणि सोबत लिहिलं होतं, ‘प्लॉट व्हिडिओ’. हौसेचा विषय तिथेच मिटला. मग एकेक कागद निघू लागला. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आधीच्या मालकाच्या नावावर. पायलटचं सर्टिफिकेट नाही. विमा नाही. ड्रोन जप्त झाला, दवाखान्याचा खर्च आम्ही केला आणि तो करायलाच हवा होता. प्लॉटवाल्याने मात्र ‘परवान्याचं पोरानं बघायचं’ म्हणून अंग काढून घेतलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण काम त्याचं होतं.

आपल्याकडे 25 ऑगस्ट 2021 पासून ड्रोन नियम लागू आहेत. त्यांत वजनाचे गट आहेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल. नॅनो उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रोलाही लागत नाही, पण वापर व्यावसायिक नसेल तरच. भाच्याचा ड्रोन नेमका या गटातला. शेतावर उडवत होता तोवर त्याला सर्टिफिकेटची गरज नव्हती. जाहिरातीचं काम घेतलं आणि ती लागली. वजन धरताना ड्रोनवर चढवलेलं सगळं धरतात, हेही पोरांच्या लक्षात येत नाही. डीजेआयचा मिनी 3 प्रो मूळ बॅटरीवर 249 ग्रॅमचा, पण जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी घातली की 290 च्या घरात जातो. बॅटरी बदलली म्हणजे गट बदलला.

नोंदणी मात्र हौशी माणसालाही चुकत नाही. यूआयएन म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक. तो नॅनोलासुद्धा घ्यावा लागतो आणि त्याची फी अवघी 100 रुपये आहे. जुना ड्रोन विकत घेतलात तर, गाडीचं आरसी बुक नावावर करून घेतो तसा, तो क्रमांक आपल्या नावावर करून घ्या. तृतीय पक्ष विमा नॅनो सोडून सगळ्यांना लागतो. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात तो मुद्दा. सर्टिफिकेट काढलं म्हणजे सुटलो, असा समज आहे. ते काढणं तसं अवघड नाही. वय 18 ते 65, दहावी पास, डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या संस्थेत काही दिवसांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. मिळालेलं सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. पण ते असतं माणसाचं. यंत्राला टाइप सर्टिफिकेट वेगळं लागतं, म्हणजे त्या मॉडेलची तपासणी होऊन त्याला मान्यता मिळालेली असावी लागते. नॅनोला यातून सूट आहे. नजरेच्या टप्प्यात हौसेसाठी किंवा शिक्षणासाठी उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांनाही आहे. ही दुसरी सूट हेतूवर दिलेली आहे, त्यामुळे हेतू बदलला की तीही जाते. प्रशिक्षणावर पैसे घालून आलेला माणूस घरी येऊन आपला जुनाच ड्रोन लग्नात उडवायला लागतो, तेव्हा त्याचं निम्मं काम कच्चं असतं. म्हणून यंत्र घेण्याआधीच त्याला टाइप सर्टिफिकेट आहे का ते बघा.

परदेशातल्या नातेवाइकांकडून ड्रोन मागवू नका. 9 फेब्रुवारी 2022 पासून संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन सोडून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. मावशीने प्रेमाने बॅगेतून आणलेला ड्रोन विमानतळावर कस्टम्स ठेवून घेऊ शकतं.

कुठे उडवायचा, हा प्रश्न हौशी आणि व्यावसायिक दोघांनाही सारखाच. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ऑनलाइन मंचाच्या नकाशावर हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते, आणि 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा भाग सुरू होतो. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. नकाशा त्याच दिवशी सकाळी बघावा, कारण एखाद्या दौऱ्यासाठी पोलीस तात्पुरता लाल भाग जाहीर करू शकतात. मुंबईत तर पोलिसांचे ठरावीक मुदतीचे ड्रोनबंदीचे आदेश वारंवार निघतात. किल्ल्यांवर नकाशा हिरवा दिसला तरी भागत नाही. रायगड, सिंधुदुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, राजगड, प्रतापगड राज्याच्या. ज्याचा किल्ला त्याची परवानगी. आणि गावात उडवण्याआधी ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत सांगून ठेवा. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांनी रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या भीतीने रात्री जागून काढल्या आहेत. आवाज आला की लोक बाहेर येतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे.

अमेरिकेतल्या आपल्या माणसांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. तिथे सर्टिफिकेटच्या बाबतीत 249 ग्रॅमची पळवाटही नाही. हौशी लोकांना ट्रस्ट ही मोफत ऑनलाइन परीक्षा पुरते, पण हौसेपलीकडचा कुठलाही वापर पार्ट 107 या तिथल्या ड्रोन नियमावलीत मोडतो आणि त्याला परीक्षा देऊन सर्टिफिकेट लागतं. पैसे न घेता एखाद्या संस्थेसाठी केलेलं कामसुद्धा त्यात येऊ शकतं. मंडळाच्या वेबसाइटसाठी मिरवणुकीचं चित्रण करून देणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

काम देणाऱ्यांनाही विनंती आहे. लग्नघर असो की बिल्डर, ॲडव्हान्स देण्याआधी तीन गोष्टी मागा: ड्रोनचा यूआयएन, पायलटचं सर्टिफिकेट, विम्याची पॉलिसी. ज्याच्याकडे आहेत तो लगेच पाठवतो. त्याचा दर थोडा जास्त असतो, कारण हे सगळं त्याने पदरचे पैसे घालून केलेलं असतं. भाच्याने आता प्रशिक्षण पूर्ण केलं आहे. माझ्या ऑर्डरींवर येतो तेव्हा टाइप सर्टिफिकेटवाला ड्रोन भाड्याने घेतो आणि बिलावर त्याचा यूआयएन लिहायला मी त्यालाच सांगतो.