उमेदवारीची मुलाखत : पदवीधरांच्या पूर्वतयारीचा एक पाठ

वाणिज्य अथवा व्यवस्थापन शाखेची पदवी घेतलेले आपल्या व्यापारी कुटुंबांतील अनेक युवक-युवती हल्ली मोठ्या कंपन्यांच्या मार्केटिंग खात्यात काही महिन्यांच्या उमेदवारीसाठी अर्ज करतात. इंटर्नशिप हे नाव नवे असले, तरी रीत जुनीच आहे. मुलाला स्वतःच्या गादीवर बसविण्यापूर्वी परक्या पेढीवर काम शिकण्यास ठेवावे, ही चाल आमच्या वाचकांस अपरिचित नाही. फरक इतकाच की, पूर्वी वडिलांच्या शब्दावर प्रवेश मिळे. आता उमेदवारास मुलाखतीच्या अल्प वेळात आपली योग्यता स्वतःच पटवून द्यावी लागते. त्या परीक्षेची तयारी कशी करावी, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, परीक्षक नवख्या उमेदवाराकडून अनुभवाची अपेक्षा करीत नाहीत. त्याची विचार करण्याची रीत पाहतात. ई. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन अध्यापकांनी १९६० साली आपल्या ग्रंथात विपणनाची चार अंगे मांडली : वस्तू, किंमत, विक्रीचे ठिकाण व प्रसार. ही नावे पाठ म्हणून दाखविण्यात काही अर्थ नाही. ती एखाद्या खऱ्या मालास लावून दाखविता आली पाहिजेत.

उदाहरणार्थ, निरमा घ्या. अहमदाबादचे करसनभाई पटेल यांनी १९६९ साली घरच्या घरी धुण्याची पावडर तयार करून ती दारोदार विकण्यास आरंभ केला. बड्या कंपनीच्या पावडरीहून तिचा दर कितीतरी कमी होता. जे कुटुंब महाग पावडर घेऊच शकत नव्हते, ते या मालाचे गिऱ्हाईक झाले. पुढे १९८७ साली हिंदुस्थान लिव्हरला याच वर्गासाठी व्हील हा स्वस्त माल बाजारात आणावा लागला. या एका कथेत किंमत, ठिकाण आणि गिऱ्हाईक यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. अशा दोन-तीन कथा उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत सांगता येतील इतक्या पक्क्या कराव्यात.

दुसरी तयारी प्रत्यक्ष बाजारातली. ज्या कंपनीची मुलाखत असेल, तिचा माल पाच दुकानांत जाऊन पाहावा. तो फळीवर कोठे मांडला आहे, लहान पुडीचा खप अधिक की मोठ्या डब्याचा, शेजारी कोणाचा माल आहे, दुकानदार उठावाविषयी काय म्हणतो, हे टिपून ठेवावे. ‘आमचीच कंपनी का?’ या नित्याच्या प्रश्नास अशा टिपणातून दिलेले उत्तर हे संकेतस्थळावरून उचललेल्या स्तुतीहून शतपट सरस ठरते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. ८० रुपयांचा माल १०० रुपयांस विकला, तर खरेदीवर नफा २५ टक्के, पण विक्रीवर २० टक्के. येथे पुष्कळ पदवीधर अडखळतात. आता जाहिरातीचा हिशेब पाहा. समजा, मोबाइलवरील जाहिरात १००० जणांनी पाहिली, २० जणांनी तीवर बोट टेकविले व २ जणांनी माल घेतला. खर्च ४०० रुपये झाला, म्हणजे एक गिऱ्हाईक २०० रुपयांस पडले. त्या गिऱ्हाइकामागे नफा १५० रुपयेच असेल आणि तो पुन्हा येणार नसेल, तर ही जाहिरात तोट्याची होय. रोजमेळ पाहत वाढलेल्या मुलांना हे कठीण वाटू नये.

आता खरा मुद्दा. आमच्या पाहण्यात असे येते की, आपली मुले घरच्या दुकानाचा उल्लेख करण्यास संकोचतात. वस्तुतः तेच त्यांचे भांडवल आहे. मात्र ते क्रमाने सांगावे : परिस्थिती काय होती, आपल्याकडे काय जबाबदारी होती, आपण काय केले, फळ काय मिळाले. समजा, एका मुलीने कापडदुकानातील मागील दोन वर्षांची बिले तपासली, गणवेशाच्या कोणत्या मापांचा माल उरतो ते काढले आणि त्यानुसार एप्रिलमध्ये मागणी नोंदविली; परिणामी शिल्लक घटली. हे उत्तर उत्तम होय. यात वडिलांनी केलेले काम स्वतःच्या नावावर घालू नये, आकडे फुगवू नयेत आणि पेढीची गुपिते उघड करू नयेत. बेळगाव-निपाणीकडील मुलास मराठी व कानडी दोन्हींत गिऱ्हाइकाशी बोलता येत असेल, तर तेही आवर्जून सांगावे.

शेवटी उमेदवारानेही विचारावे : काम कोणते, शिकविणार कोण, विद्यावेतन किती, प्रमाणपत्र मिळेल काय? जी संस्था उमेदवारीसाठी उलट पैसेच मागते, तिच्यापासून दूर राहावे.

वडील मंडळींस आमची एकच विनंती आहे. वशिल्याचा फोन करू नका. त्याऐवजी नात्याबाहेरच्या एखाद्या अनुभवी सभासदासमोर मुलाची वा मुलीची सराव-मुलाखत घडवून आणा. वशिल्याने मिळालेली जागा मुलाखतीची विद्या शिकवीत नाही, आणि ती विद्या पुढे गादीवर बसल्यावरही रोज उपयोगी पडणारी आहे. कारण दुकानात येणारे प्रत्येक गिऱ्हाईक व्यापाऱ्याची मुलाखतच घेत असते.